शुद्ध कोणाचे, अशुद्ध कोणाचे?

माणूस काय बोलतो हे ऐकण्यापूर्वीच तो कोण आहे, हे ऐकणाऱ्याने ठरविलेले असते. ही दृष्टी समाज घडवितो. मराठी समीक्षेने तिची पुरेशी चिकित्सा केलेली नाही, म्हणून गोंदियाच्या बोलीच्या निमित्ताने मी ती येथे करू इच्छितो.

भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत झाडीबोली बोलली जाते. तिच्यात 'ण' नाही, 'श' नाही. येथील माणूस 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणतो. शाळेत तो अशुद्ध ठरतो, मुलाखतीत अडाणी ठरतो. मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडून बालाघाटला गेले की तोच 'पानी' हिंदीच्या पाठ्यपुस्तकात शुद्ध असतो. जुना भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता; त्यातून गोंदिया १९९९ साली वेगळा झाला. राज्याची सीमा बदलली, उच्चार तोच राहिला.

दुसरे उदाहरण पालीचे. पालीत 'श' आणि 'ष' नाहीत, सर्वत्र 'स' आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून आमच्या विहारांत 'सील', 'सरण' हे शब्द आदराने उच्चारले जातात. तोच 'स' शेतमजुराच्या मुलाने वर्गात उच्चारला की हशा पिकतो. झाडीबोली सर्व जातींची आहे, हे खरे. परंतु मालगुजाराच्या तोंडी ती गावरान गोडवा ठरते आणि मजुराच्या तोंडी अडाणीपणा. मग दोष ध्वनीत कसा असेल?

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. लेखनाला नियम हवेत, हे मला मान्य आहे. पण त्यांना आपण 'शुद्धलेखन' म्हणतो. ज्या समाजात पाणवठ्याचा, स्पर्शाचा आणि सावलीचा निवाडा शुद्ध-अशुद्ध याच शब्दांनी झाला, तेथे हे विशेषण निरागस राहू शकत नाही.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. त्यानंतर बोलीला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. आजही आपल्या अनेक कथांत निवेदक प्रमाणभाषेत विचार करतो. बोली येते ती पात्राच्या तोंडी, रडताना किंवा शिवी देताना. म्हणजे विचार करण्याचा अधिकार प्रमाणभाषेकडेच राहिला. प्रस्थापितांची नजर आपल्या लेखकांनीही उसनी घेतली आहे. विद्रोहाची भाषा बोलणाऱ्या साहित्याने हे तपासायला नको काय?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. ज्यांच्यासाठी तो निघाला, त्यांना जीभ होतीच. त्यांच्या बोलण्याला बोलणे मानायला समाज तयार नव्हता. आजचा शिक्षक आणि समीक्षक तयार आहे काय? मुलाला प्रमाण लेखन जरूर शिकवावे. परीक्षेत आणि कचेरीत ते लागते. पण त्याच्या 'पानी'वर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी त्याने पाण्याविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.