देवनागरी कळफलक आणि शॉर्टकट कळा : अपुऱ्या प्रमाणीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर जाणाऱ्या वापरकर्त्याची मुख्य अडचण कंट्रोल कळेची असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विंडोज व लिनक्समध्ये मजकुराची प्रत घेण्यासाठी कंट्रोल-सी, तर मॅकमध्ये कमांड-सी दाबावे लागते. पहिल्या पद्धतीत करंगळीला कोपऱ्यापर्यंत जावे लागते, दुसरीत स्पेसबारलगतच्या कळेवर अंगठा पुरतो. हा फरक सवयीने किंवा कळा बदलून घेऊन मिटतो. तथापि ही मांडणी रोमन लिपीत लिहिणाऱ्याची आहे. देवनागरीत लिहिणाऱ्याचा प्रश्न याहून वेगळा असून त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

अक्षरांचे प्रमाणीकरण

या दृष्टीने खडकवासल्याचे उदाहरण बोलके आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र येथे आहे. केंद्रीय कार्यालयांना राजभाषा नियम, १९७६ लागू असल्याने तेथे हिंदीच्या वापरास स्थान आहे. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या याच गावाचा नागरी कारभार मात्र मराठीचा आहे. भाषा दोन असल्या तरी लिपी एकच आहे. अशा ठिकाणी इनस्क्रिप्ट कळफलकाचे मोल कळते. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या या रचनेत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. एकदा बोटांत बसलेला ‘क’ हिंदीत, मराठीत आणि तिन्ही प्रमुख कार्यप्रणालींत त्याच जागी सापडतो. अक्षरांपुरते हे प्रमाणीकरण यशस्वीच म्हणावे लागेल.

आज्ञांची उपेक्षा

परंतु कळफलक केवळ अक्षरे उमटवत नाही. तो संगणकाला आज्ञाही देतो. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळेवर ‘म’, व्हीच्या कळेवर ‘न’ आणि एक्सच्या कळेवर अनुस्वार येतो. मग देवनागरी चालू असताना कंट्रोल-सी दाबल्यास संगणकाने काय समजावे? विंडोज त्या कळेची मूळ ओळख कायम ठेवते, त्यामुळे आज्ञा पाळली जाते. मॅकमध्ये कमांड दाबताच ती कळ तेवढ्यापुरती रोमन होते. लिनक्समधील जुन्या एक्स विंडो व्यवस्थेत आज्ञेचा अर्थ उमटणाऱ्या अक्षरावरून लावण्याची परंपरा आहे. अनेक प्रोग्रॅम जोडीच्या रोमन रचनेचा आधार घेतात. जे घेत नाहीत, त्यांच्यापुरता कंट्रोल-सीचा कंट्रोल-म होतो आणि आज्ञा वाया जाते.

याहून गंभीर विसंगती लिपी बदलण्याच्या कळांत आहे. मराठी लेखकाला इंग्रजी संज्ञेसाठी वा संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी वारंवार लिपी बदलावी लागते. विंडोजमध्ये यासाठी पूर्वापार ऑल्ट-शिफ्ट होते. २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोज-स्पेस आले. मॅकमध्ये कमांड-स्पेस २००५ मध्ये स्पॉटलाइट या शोधसुविधेकडे गेले व आता लिपीबदलासाठी कंट्रोल-स्पेस वापरले जाते. हेच कंट्रोल-स्पेस एक्सेलमध्ये संपूर्ण स्तंभ निवडते. एकाच हालचालीला दोन अर्थ चिकटल्यावर चूक वापरकर्त्याची म्हणता येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

प्रत्येकाने कळा आपल्या सोयीने बदलून घ्याव्यात, असे यावर सुचवले जाते. स्वतःच्या संगणकापुरता हा उपाय योग्यच आहे. परंतु महाविद्यालयाची प्रयोगशाळा वा कार्यालयातील सामायिक संगणक यांवर, विशेषतः सर्वांचे एकच खाते असल्यास, एकाने केलेला बदल दुसऱ्याची अडचण ठरतो. व्यक्तिगत सोय ही सार्वजनिक प्रमाणाची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

एक्स, सी, व्ही या कळा शेजारी आहेत, हीच त्यांची खरी सोय आहे. व्हीचा तर ‘पेस्ट’ या शब्दाशी आद्याक्षराचाही संबंध नाही. म्हणून देवनागरीत आज्ञा अक्षराशी न बांधता कळेच्या जागेशी बांधणे तर्कसंगत ठरते. त्यासोबत लिपीबदलाची एक समान कळ निश्चित झाली पाहिजे. इनस्क्रिप्टने बोटांना अक्षरांची जागा दिली; आज्ञांची जागा निश्चित होईपर्यंत ते कार्य अपूर्णच राहील.