भिजलेल्या फितीतले रामायण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीच्या गावभागात शिरली आणि आमच्या तळमजल्यावर पाहुणी होऊन राहिली. ती परत फिरल्यावर गच्चीवर जे वाळवण पडले त्यात पापड-कुरडया नव्हत्या. सातबाराचे उतारे होते, लग्नाचे आल्बम होते, माझ्या चित्रकला-शिक्षकाच्या नोकरीतले कागद होते, आणि एका कोपऱ्यात एक काळी व्हिडिओ कॅसेट होती. तिच्यावरच्या चिठ्ठीची शाई पसरली होती, तरी 'रामायण. पुसू नये' ही अक्षरे कळत होती. ती माझ्या मुलाच्या दहाव्या वर्षाची अक्षरे. चिखल काढायला तो साताऱ्याहून आला होता. कपाटे गेली, गाद्या गेल्या, त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. कॅसेट मात्र उचलून म्हणाला, "अण्णा, ही एवढ्यात टाकू नका."

फितीला बुरशी धरली होती. ती पुढे कधी चालली नाही.

त्या फितीवर जे होते त्याविषयी मला आज लिहायचे आहे. दिवाळी अंकात चित्रपटावर लिहावयाचे तर वाचकांना एखादा मोठा नट, एखादी गाजलेली कथा अपेक्षित असते. हा चित्रपट जपानी हातांनी काढलेला आहे. त्यात माणूस एकही नाही, सारी चित्रेच आहेत. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हे त्याचे नाव, १९९२ हे त्याचे साल. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन हे तिघे त्याचे दिग्दर्शक.

साको हे मूळचे माहितीपट करणारे गृहस्थ. १९८३ साली अलाहाबादजवळ डॉ. बी. बी. लाल यांचे जे उत्खनन चालले होते त्यावर माहितीपट करण्यासाठी ते भारतात आले आणि रामकथेच्या नादी लागले. जपानी भाषेत मिळतील तितकी रामायणे त्यांनी वाचून काढली. देव आणि माणूस एकाच देहात दाखवायचा तर तो नटापेक्षा चित्राने दाखवणे बरे, असे त्यांच्या मनाने घेतले. इकडे ही वार्ता फुटताच विरोधाचे पत्र गेले : आमचा राम परदेशी माणसाने आपल्या मर्जीप्रमाणे कसा रंगवावा? गैरसमज पुढे मिटला, तरी सरकारी सहकार्य काही मिळाले नाही आणि बहुतेक काम जपानात झाले. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. देशातली तेव्हाची हवा वाचकांना आठवत असेल. चित्रपटगृहांतून त्याचा गाजावाजा झाला नाही. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर मात्र तो पुढे पुन:पुन्हा लागत राहिला आणि तिथेच, सुट्टीतल्या दुपारी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुलांनी तो आपलासा केला.

परदेशी माणसाने रामायण करावे काय, हा प्रश्न सांगलीकराने तरी विचारू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' उभे केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. रंगभूमी आपली म्हणून आपण मिरवतो ती अशी शेजाऱ्याच्या दिव्याने लावलेली. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्या केल्या होत्या. त्या दीर्घकाळ पडून राहिल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा हातपाय हलवायला लावले. जुन्याचा शोध घेऊन त्यात जीव भरणारी माणसे आपल्याकडे नवीन नाहीत. ती फक्त दर पिढीला वेगळ्या वस्तूंच्या मागे असतात.

आता थोडे माझ्या धंद्यातले. असा चित्रपट कसा होतो? पारदर्शक तावावर पात्राची रेषा उतरवतात, तावाच्या मागल्या बाजूने रंग भरतात, तो ताव वेगळ्या रंगवलेल्या देखाव्यावर ठेवतात आणि कॅमेरा एक छायाचित्र टिपतो. मग दुसरा ताव. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. हा चित्रपट १३५ मिनिटांचा, म्हणजे हिशेबाने १,९४,४०० चित्रे झाली. एक ताव दोन-तीन चित्रांना पुरवण्याची जपानी काटकसर धरूनही एक लाखाच्या घरात ताव हातांनी रंगवले गेले, आणि सुमारे साडेचारशे कलावंत त्यात राबले. धोतराचा काचा कसा घालतात, नमस्काराला हात कुठवर येतात, हे भारतीय मंडळींनी जपान्यांना समजावून दिले. त्या मंडळींचे धुरीण राम मोहन. १९५६ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात घडलेला हा माणूस. त्यांच्या नावाने आमच्या शाळेत एखादे व्याख्यान तरी मी का ठेवले नाही, असे आता वाटते. ते २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, साको २०१२ मध्येच गेले होते.

चित्रपटाचे पुनरागमन दोघांनीही पाहिले नाही. ते २०२४ च्या ऑक्टोबरात, दसरा-दिवाळीच्या तोंडावर व्हायचे ठरले होते. पुढे ढकलले गेले आणि २०२५ च्या २४ जानेवारीला झाले. मधल्या वर्षांत या पिढीने काय काय केले ते मी मुलाकडून ऐकत होतो. कुणाकडे वाहिनीवरून उतरवून घेतलेली फीत, कुणाकडे तिच्यावरून काढलेली तबकडी. कुणाला गाणी पाठ, कुणाला संवाद. चाळिशीकडे झुकलेली, कर्जाचे हप्ते भरणारी माणसे एकमेकांना विचारत होती की कुंभकर्ण उठतो तो प्रसंग तुझ्या प्रतीत पूर्ण आहे काय? त्यांच्या आधी काही वर्षे अशीच मागणी 'मोगली'साठी झाली होती. १९८९ ची ती जपानी मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी लागे. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानाला आमच्या नाना पाटेकरांचा आवाज. टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, दूरदर्शनने ती पुन्हा लावली. तिची गोष्ट वेगळी. तिला निदान घर होते. या रामायणाला ते कधी मिळालेच नाही.

तर जानेवारीत साताऱ्याहून मुलगा, सून, नात आणि मी असे पुण्याला गेलो आणि एका चित्रगृहात मी हा चित्रपट पहिल्याने नीट पाहिला.

चित्र स्वच्छ केलेले होते, आणि ते इतके देखणे असेल याची मला कल्पना नव्हती. देखाव्यांत रंगांचा संयम आहे. अरण्याचा हिरवा सरसकट एकच न टाकता पाण्याजवळचा निराळा, झाडाखालचा निराळा असा लावला आहे. आमच्याकडच्या पौराणिक चित्रांत दागिन्यांची जी गर्दी असते ती इथे नाही. सर्वांत मला आवडले ते थांबणे. बाण सुटण्याआधी पात्र निश्चल राहते आणि फक्त वस्त्राचा शेव वाऱ्याने हलतो. आपण सारे हलवतो. जपानी चित्रकार एकच गोष्ट हलवतो आणि डोळा तिथे खिळवतो. रावणाला त्यांनी विदूषक केलेला नाही, हे दुसरे मोठे. तो रुबाबदार आहे, म्हणूनच त्याची चूक जाणवते.

दोषही आहेत. कैकेयीचा प्रसंग, जिथे सगळ्या कथेची कळ आहे, घाईने उरकला आहे. सीतेला रेषा मिळाली, पण मन पुरेसे मिळाले नाही. युद्ध लांबते; कुंभकर्णापर्यंत ते भव्य वाटते, त्यानंतर नुसते मोठे वाटते. माझ्या नातीने तिथे दोनदा किती राहिले म्हणून विचारले, आणि लहान मुलांइतका प्रामाणिक समीक्षक मिळत नाही.

पण मध्यंतरात मुलाचे तोंड उतरलेले दिसले. कारण विचारले तर म्हणाला, "अण्णा, चित्र तेच आहे, पण राम दुसराच बोलतोय."

गोष्ट अशी. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविलांचा, सीतेला नम्रता साहनींचा आणि रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता. निवेदन शत्रुघ्न सिन्हांचे. पुन:प्रदर्शनात मूळ इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशी नवी ध्वनिमुद्रणे आली. नवे हिंदी वाईट नाही. उच्चार स्वच्छ आहेत, वाक्ये सुटसुटीत आहेत. पण ज्याच्या कानात अमरीश पुरींचा रावण पंचवीस वर्षे घुमतो आहे त्याला तुम्ही स्वच्छ उच्चार देऊन काय उपयोग?

मी प्रथम त्याला हसलो. मूळ कृती तर इंग्रजीतली, वनराज भाटियांच्या संगीताची, आणि मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांनी संस्कृत गीते लिहिलेली. तुझा गोविलांचा राम हाही वरून चढवलेलाच, असे मी त्याला ऐकवले. मग माझे मलाच गीतरामायण आठवले. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले तेव्हा त्याची ५६ गीते माणिक वर्मा, लता मंगेशकर, राम फाटक अशा अनेक गळ्यांतून ऐकू आली होती. पण घराघरांत जे राहिले ते सुधीर फडक्यांच्या एकट्या आवाजातले. उद्या कुणी ते निर्मळ नव्या आवाजात मुद्रित करून 'हेच घ्या' म्हणाला तर मी काय करीन? माझे तोंड मुलापेक्षा अधिक उतरेल. तेव्हा कृतीचे मूळ कुठले हे इतिहासाने सांगावे. रसिकाचे मूळ ती त्याला जिथे प्रथम भेटली तिथे असते.

त्या गीतांचे कवी माडगूळकर आमच्याच मुलखातले, शेटफळे-माडगुळ्याचे, शिकले औंधला. आणि सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध असलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वत: चित्रकार. त्यांनी काढलेल्या चित्रांचे 'चित्र रामायण' १९१६ साली छापून निघाले. मुलांच्या सहली घेऊन मी कितीतरी वेळा औंधच्या डोंगरावरच्या संग्रहालयात गेलो आहे. चित्रांनी रामकथा सांगण्याची हौस साताऱ्याच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच होती हे मी विद्यार्थ्यांना दरवेळी सांगत असे. आणि त्याच काळात माझ्या घरात एक मुलगा चित्रांतली रामकथा फितीवर साठवत होता, तिला मी 'कार्टून' म्हणत होतो.

आता मागणे मागायचे ते एवढेच. चित्र नवे आणि आवाज जुना असा एक खेळ वितरकांनी लावावा. ज्यांनी फिती जपून हा चित्रपट जिवंत ठेवला त्यांचे तेवढे देणे लागते. आणि पुढच्या खेपेस मराठीचा विचार व्हावा. तमिळ-तेलुगूंना त्यांच्या भाषेत राम भेटला, आणि ज्या मुलखात पंचवटी आहे त्याने तो हिंदीत ऐकावा, हे मला काही पटत नाही. आमच्या रंगभूमीवर रामाला आणि रावणाला आवाज देणारे गळे अजून संपलेले नाहीत.

परतताना खंबाटकीच्या घाटात मोटार शिरली तेव्हा नात जागी झाली. बाबा लहानपणी हा चित्रपट पाहत असत हे तिने ऐकले होते. तिने विचारले, "आजोबा, तेव्हा तुम्ही पण बाबांच्या शेजारी बसून बघायचात ना?"

मुलगा गाडी चालवत होता. तो काही बोलला नाही.

मी म्हटले, "शेजारी बसत होतो ग. पण पेपर वाचत असे."