नदी जे परत देत नाही : ‘पार्ती द कांपान्य’ या लघुपटाचा पुनर्विचार

प्रास्ताविक :
ज्याँ रेन्वार यांनी १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील ल्वँ नदीकाठी ‘पार्ती द कांपान्य’ हा लघुपट चित्रित केला. मोपासाँच्या कथेवर आधारलेल्या या कृतीचे चित्रीकरण पावसामुळे रखडले आणि अर्धवट सोडले गेले. निर्माते प्येर ब्राउनबेर्जे यांच्या पुढाकाराने ती १९४६ मध्ये, सुमारे चाळीस मिनिटांच्या रूपात, प्रदर्शित झाली. तिचा गौरव बहुधा ‘भावकाव्य’ म्हणून होतो. हे विशेषण कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पॅरिसमधील एक दुकानदार कुटुंब रविवारच्या सहलीला येते. आंरियेत ही तरुण मुलगी आंरीसोबत नावेतून बेटावर जाते. तेथील प्रसंगात तिचा प्रतिकार, नंतरची शरणागती आणि डोळ्यांतील अश्रू कॅमेरा अगदी जवळून दाखवतो. या प्रसंगास केवळ प्रणय म्हणणे म्हणजे त्या अश्रूकडे दुर्लक्ष करणे होय. लगेच वारा सुटतो, लव्हाळी वाकतात आणि पाण्यावर पाऊस कोसळतो. कॅमेरा नदीवरून मागे सरत जातो. चित्रीकरणात विघ्न ठरलेला पाऊसच येथे आशयाचा कणा बनतो. पुढे काही वर्षे लोटतात. आंरियेतचा विवाह दुकानातील नोकराशी झालेला असतो.

याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात इंद्रायणी बुडालेली गाथा परत देते. रेन्वार यांची नदी काहीच परत देत नाही. एकीकडे नदी श्रद्धेची साक्षीदार आहे, तर दुसरीकडे ती उलटून न येणाऱ्या काळाचे रूप आहे.

या कृतीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिच्यातील नदी मुख्यतः विरंगुळ्याची आहे. नाव वल्हवणारे तरुणही हौशीच आहेत. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याला पाणी म्हणजे उपजीविका. खाडीकाठच्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे हा लघुपट ठेवताना ही नदी कोणाची, हा प्रश्न टाळता येणार नाही.

निष्कर्ष :
दुकानातील नियोजित प्रसंग चित्रित झालेच नाहीत. त्यांची जागा शब्दपाट्यांनी घेतली. तरीही कृती अपुरी वाटत नाही, कारण तिचा निर्णायक क्षण पावसाच्या दृश्यात पूर्ण झालेला आहे. येथील काव्यात्मता दुःखावर पांघरूण घालत नाही, ती त्याची साक्ष देते. अध्यापनात सौंदर्याइतकाच त्या अश्रूचाही विचार व्हावा.