आमच्या वाङ्मयांतील हिंवाळा

ऋतूंच्या बाबतींत मराठी कवितेनें पक्षपात केला आहे, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. पावसावर तिनें जीव ओवाळून टाकला. संस्कृत कवींकडून आलेला वसंताचा मान तिनें खालीं पडूं दिला नाहीं. हिंवाळ्याच्या वांट्याला मात्र बहुधा शेकोटी, हुरडा आणि विरह एवढेंच आलें. वास्तविक दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला डोळे उघडून पाहण्यास हाच ऋतु सर्वांत सोयीचा. पाऊस त्याला घरांत बसवितो, उन्हाळा सावलींत बसवितो. मार्गशीर्ष-पौषांतलें कोंवळें ऊन तेवढें त्याला आपण होऊन अंगणांत आणतें. मग ज्या ऋतूंत आम्ही सुखानें बाहेर बसतों, त्याच ऋतूंत आमचें साहित्य डोळे मिटून कां बसतें?

ही उणीव पूर्वापार नाहीं. 'ऋतुसंहारा'च्या सहा सर्गांपैकीं दोन कालिदासानें हेमंत आणि शिशिर यांना दिले आहेत. त्यांत शृंगाराचा भाग पुष्कळ आहे खरा. पण पिकलेल्या भातशेतांतून येणारा क्रौंचाचा आवाज कवीनें ऐकलेला आहे. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयीं पंडितांनीं खुशाल वाद घालावा. थंडी आणि पांखराचा आवाज यांची सांगड त्यानें घातली, ही गोष्ट निर्विवाद होय. हालाची 'गाथासप्तशती' तर महाराष्ट्री प्राकृतांतली, म्हणजे आमच्याच घरची. तींत माघाच्या थंडींत अंगावरचें पांघरूण देऊन बैल घेणारा कुणबी आहे, आणि कोंड्याच्या निर्धूर विस्तवाची उपमा आहे. असा विस्तव ज्यानें जवळून पाहिला नाहीं, त्याला ती सुचणें शक्य नाहीं.

अर्वाचीन काळीं मात्र पाहणें कमी होऊन हुरहूर वाढली. बा. सी. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचें नांवच 'शिशिरागम' (१९३९). त्यांतील पानगळीच्या कवितेचें सौंदर्य आम्हांस मान्य आहे. तिची लय आजहि मनांतून जात नाहीं. परंतु तेथें पान गळतें तें मुख्यतः कवीच्या मनांत. आमच्या पठारावर माघ-फाल्गुनांत पान गळतें, त्याच सुमारास काटेसांवर, पळस आणि पांगारा फुलतात, आणि त्या फुलांतला मध पिण्यास भोरड्यांचे थवे लोटतात. येथील शिशिर म्हणजे निव्वळ मरण नव्हे. गळणें आणि फुलणें यांचा तो एकाच फांदीवरचा संसार आहे. शिशिराला केवळ औदासीन्याचें प्रतीक करण्याची संवय आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना बर्फाच्या देशांतल्या कवितेनें लावली असावी, अशी आम्हांस शंका येते.

गद्यानें ही उणीव पुष्कळ अंशीं भरून काढली. दुर्गा भागवतांचें 'ऋतुचक्र' (१९५६) हें या दृष्टीनें युगप्रवर्तक पुस्तक होय. बारा महिन्यांचें रूप त्यांनीं विदुषीच्या बहुश्रुतपणानें आणि बालकाच्या कुतूहलानें न्याहाळलें; शहरांत राहूनहि ऋतु दिसतो, हा धडा त्यांनींच आम्हांला दिला. परंतु त्यांचा ओढा विशेषतः झाडें, फुलें आणि आकाशाचे रंग यांकडे. मारुती चितमपल्लींनीं पांखरांना आणि श्वापदांना मराठींत हक्काचें घर दिलें. त्यांचा 'पक्षीकोश' आणि वनवासी लोकांकडून त्यांनीं मिळविलेलीं नांवें हें भाषेवरचें मोठें ऋण आहे. पण त्यांचें वाङ्मय अरण्याचें; तें वाचून वाचकाला नवेगांवबांधला जावेंसें वाटतें, स्वतःच्या परसांत उतरावेंसें वाटतेंच असें नाहीं. अरण्य आणि आकाश यांच्या मधलें जें अंगण, तें रिकामेंच राहिलें.

या रिकामेपणाचा बोध देहूइतका दुसरीकडे क्वचितच होईल. वृक्षांना आणि वनचरांना सोयरे म्हणणारे तुकाराम याच गांवचे. एकांतासाठीं ते जवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे हिंवाळा सरतां सरतां, बीजेच्या दिवशीं भर दुपारीं येथील नांदुरकीच्या झाडाकडे हजारों डोळे लागतात. नांदुरकी हें वड-पिंपळांच्या कुळांतलें झाड. अशा झाडांचीं फळें लागलीं म्हणजे साळुंक्या, बुलबुल आणि तांबट यांची पंगत बसते. पण तिकडे पाहणारे डोळे किती निघतील? सोयरिकीचा अभंग आम्हांस मुखोद्गत आहे. सोयऱ्यांचीं नांवें मात्र ठाऊक नाहींत.

पाहणाऱ्याला देहूच्या साध्या परसांतहि थंडीचे चार महिने पुरून उरतात. नवरात्राच्या आगेंमागें धोबी येतो आणि शेपटी वरखालीं हालवीत ओल्या जमिनीवर चालूं लागतो. हा उत्तरेकडून शेंकडों कोस उडून येतो, आणि पुष्कळदां वर्षानुवर्षें त्याच जागीं परततो. त्याच्या मागोमाग थिरथिरा कुंपणावर बसून आपलें नांव सार्थ करतो. शेवगा फुलला कीं शिंजीर त्यावर लोंबकळूं लागतात. सकाळीं दहिंवर वाळेपर्यंत फुलपांखरूं पंख पसरून भिंतीवर स्वस्थ बसतें, कारण अंग तापल्यावांचून त्याला उडतां येत नाहीं. शेजारचा सरडाहि त्याच उन्हाचा याचक. दयाळ आणि तांबट थंडींत बहुतेक मुके असतात. त्यांना कंठ फुटला म्हणजे, पंचांग न उघडतां, ऋतु कलला असें समजावें.

यावर कोणी म्हणेल, हें शास्त्र झालें, साहित्य नव्हे. त्यास उत्तर इंग्लंडांतल्या सेलबर्न या खेड्यानें देऊन ठेविलें आहे. तेथील पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानें आपल्या एका गांवाच्या पशुपक्ष्यांविषयीं मित्रांना पत्रें लिहिलीं. १७८९ सालीं त्यांचें पुस्तक झालें, आणि दोनशें वर्षांवर काळ लोटला तरी तें वाचलें जातें. त्यांत अद्‌भुत कांहींच नाहीं. एकाच जागीं राहून, त्याच गोष्टी पुनःपुन्हा पाहण्याची निष्ठा तेवढी आहे. वारीच्या परंपरेंत वाढलेल्या समाजाला नित्यनेमाचें मोल आम्हीं सांगावें असें नाहीं.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्हीं इतका आग्रह धरला नसता. देहूच्या एका अंगास पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगास चाकणचे कारखाने. इंद्रायणीच्या पाण्यावर फेंस तरंगल्याच्या वार्ता आतां नव्या राहिल्या नाहींत. परसें जाऊन तेथें इमारती उठत आहेत. गांव वाढणारच, त्याबद्दल नुसतें उसासे टाकण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या सोयऱ्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं, तो केव्हां येत होता आणि केव्हां येईनासा झाला, हेंहि आम्हांस कळणार नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याचा शोकहि करतां येत नाहीं. म्हणून या थंडींत एखाद्या घरानें साधी वही घालावी. धोबी कोणत्या तिथीस आला, दयाळ कधीं गाऊं लागला, एवढेंच तींत लिहावें. मराठींतलें पुढलें 'ऋतुचक्र' अशाच एखाद्या वहींतून निघेल, आणि तें देहूंत निघालें तर त्याहून उचित असें दुसरें काय?