तसबीर आणि गहाणपावती

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (हा भाग १९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा जिल्ह्यात मोडे) यांच्या 'संशयकल्लोळा'तील सारा अनर्थ एका तसबिरीमुळे ओढवतो. १८९३ च्या मूळ गद्य नाटकाच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' होता. बस्टर कीटनच्या 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) या मूकपटात हेच कार्य एक गहाणपावती करते. दोन्ही कृतींत पुरावा खरा, अनुमान मात्र खोटे आहे. साम्य येथेच संपते.

देवलांची पात्रे बोलतात आणि बोलता बोलताच संशयाला आकार देतात. फाल्गुनरावाच्या हाती तसबीर नसती, तरी त्याच्या जिभेने दुसरा पुरावा निर्माण केला असता. कीटनपाशी जीभच नाही. तेथे वस्तूलाच साक्ष द्यावी लागते. चित्रपटगृहातला यंत्रचालक प्रेयसीसाठी एका डॉलरची मिठाई आणतो आणि फुशारकीखातर पेटीवरील एकाच्या आकड्याचा चार करतो. प्रतिस्पर्धी तिच्या पित्याचे घड्याळ चोरून चार डॉलरांना गहाण टाकतो व पावती हळूच नायकाच्या खिशात सरकवतो. आता दोन्ही आकडे जुळतात. गुप्तहेर होऊ पाहणाऱ्याला त्याचीच क्षुल्लक लबाडी गोत्यात आणते. ही योजना एकाही संवादावाचून उभी राहते, याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

त्यांचे लक्ष वेधले ते पडद्यात शिरण्याच्या प्रसंगाने. तो अर्थातच असामान्य आहे. भोवतालचे दृश्य क्षणोक्षणी पालटते: रस्ता, कडा, सिंह, वाळवंट, समुद्र, बर्फ. समुद्रात घेतलेली उडी बर्फात संपते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर कर्ता तोच, क्रियाही अखंड. अधिकरण तेवढे बदलते. विनोद निष्पन्न होतो तो या विसंगतीतून. कीटनच्या निर्विकार चेहऱ्यावर त्याचे श्रेय ढकलणे हे आळसाचे लक्षण होय.

नायक स्वप्नात मोत्यांच्या चोरीचा छडा लावीत असता खऱ्या चोरीचा उलगडा प्रेयसीने केव्हाच केलेला असतो. ती दुकानात जाऊन सरळ विचारते, एवढेच. देवलांच्या शेवटच्या अंकात मात्र सर्वांना एकत्र येऊन खुलासे करावे लागतात.

अखेरीस नायक पडद्यावरील प्रणयाचे एकेक पाऊल गिरवतो: हात धरतो, अंगठी घालतो, चुंबन घेतो. पुढच्याच दृश्यात पडद्यावरच्या जोडप्याच्या मांडीवर मुले दिसतात. मधले वाक्य गाळलेले असते, आणि तो डोके खाजवीत राहतो.