मुदत, मत्सर आणि लाइट नॉव्हेल

जपानी लाइट नॉव्हेल म्हणजे खिशात मावणारी, मांगाच्या (जपानी कॉमिक्सच्या) धाटणीची चित्रं असलेली, मुख्यतः तरुणांसाठीची कादंबरी. त्यातल्या एका छोट्या दालनात या कादंबऱ्या लिहिणारी माणसंच नायक असतात. हे दालन वाचावं ते तिथल्या कामासाठी, प्रेमकथांसाठी नव्हे.

हिरासाका योमी यांची 'इमोतो साए इरेबा ई' (गागागा बुन्को ही प्रकाशनमाला, २०१५ ते २०२०, १४ खंड) ही त्यातली सर्वांत भरीव मालिका. हाशिमा इत्सुकी हा तरुण लेखक मुदत चुकवतो, मित्रांबरोबर बिअर पितो, बोर्ड गेम खेळतो, करसल्लागारापुढे बसून खर्चाचा हिशेब देतो. पण लेखक मित्र हारुतोच्या कादंबरीवर टीव्हीची कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे निघतं, तो प्रसंग बघा. पहिला भाग पाहायला मंडळी जमतात आणि तो भाग साफ फसलेला निघतो. एरवी सगळ्यांत सावरलेला हारुतो रडतो. अ‍ॅनिमे कसं व्हावं हे त्याच्या हातात नव्हतं. नाव मात्र त्याचंच लागलं होतं. लेखनाच्या धंद्याबद्दल इतकं खरं पान मी गंभीर साहित्यातही क्वचितच वाचलंय.

मत्सराचंही तसंच. नायुता ही अफाट प्रतिभेची लेखिका इत्सुकीवर जीव टाकते. एकेकाळी त्याच्याच पुस्तकानं तिला तारलेलं असतं. आणि तो तिला नकार देतो, कारण तिच्या तोडीचं लिहिल्याशिवाय तिच्या शेजारी उभं राहणं त्याला मंजूर नाही. तायामा काताई यांच्या 'फुतोन'पासून (१९०७) जपानी लेखक स्वतःची लाज कागदावर मांडत आलेत. हिरासाका तीच लाज हसतखेळत मांडतात, आणि ती तितकीच बोचते.

फुशिमी त्सुकासा यांच्या 'एरोमांगा सेन्सेई'ची (देंगेकी बुन्को) कल्पना तर याहून सुंदर. शाळकरी लेखक मासामुने खोलीत कोंडून घेतलेल्या सावत्र बहिणीच्या दाराशी जेवणाचं ताट ठेवतो. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीतून ती पाय आपटते. आपल्या पुस्तकांची चित्रं तीच काढते, हे त्याला फार उशिरा कळतं. लेखक आणि चित्रकार यांच्यात संपादक असतो, एरवी भेट नाही, या व्यवसायातल्या वास्तवातून ही कथा उगवते. पुढे मात्र ती त्याच कोवळ्या मुलीभोवतीच्या चावट विनोदात रुतते. ते मला पटत नाही. बहिणीचं हे वेड हिरासाकांच्या पानांतही आहे, आणि तिथेही ते नकोसंच होतं.

दोन्ही मालिकांची अ‍ॅनिमे २०१७ साली आली. तोवर लेखक होण्याचा रस्ताच बदलला होता. 'शोसेत्सुका नि नारो' या २००४ पासूनच्या संकेतस्थळावर कुणीही प्रकरणं फुकट टाकतो, वाचकांचे गुण मोजतो, क्रमवारीत वर चढला तर प्रकाशक दारात येतो. नोकरीवरून परतून रात्री प्रकरण टाकणाऱ्या, सकाळी आधी क्रमवारी बघणाऱ्या या लेखकांना आता त्यांचा हिरासाका मिळायला हवा.