कमी दाबाचा मिथेन : दावा आणि हिशेब

२०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. धातूचे अणू आणि कार्बनी रेणू यांची जोडणी करून आतून पोकळ अशा स्फटिकी जाळ्या घडवण्याचे हे काम. अशा जाळीत मिथेन शिरतो आणि पुन्हा बाहेर काढता येतो, हे कितागावा यांनी १९९७ मध्ये दाखवले होते. त्यामुळे एका जुन्या दाव्याला नवे बळ मिळाले आहे. मोटारीतील सीएनजीची जड टाकी आता जाणार, मिथेन कमी दाबाखाली साठवता येणार, गोबर गॅससुद्धा थेट गाडीत भरता येणार, असा हा दावा. त्यात तथ्य आहे. पण विद्यार्थ्यांपुढे तो मांडण्यापूर्वी त्याचा हिशेब करून पाहावा, असे आम्हाला वाटते.

एक लिटर पेट्रोल जळून जेवढी उष्णता देते, जवळजवळ तेवढीच उष्णता साध्या हवेच्या दाबाचा एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर मिथेन देतो. मारुंजीत राहणारा एखादा कामगार छोट्या मोटारीने चाकणच्या कारखान्यात जातो असे समजा. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि लिटरला २० किलोमीटर धरले, तर रोज ३ लिटर पेट्रोल किंवा ३ घनमीटर मिथेन लागेल. वजनाने हा वायू जेमतेम २ किलो. पण तो मावेल अशी पिशवी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १ मीटर उंच हवी. गोबर गॅसमध्ये मिथेन साधारण ६० टक्केच असतो. तो शुद्ध न करता वापरला तर पिशवी ५ घनमीटरची होईल आणि त्यासाठी डझनभर जनावरांचे रोजचे शेण लागेल. टपावर गॅसची पिशवी बांधलेल्या गाड्या दोन्ही महायुद्धांच्या काळात युरोपात खरोखर धावत होत्या. पेट्रोलची टंचाई संपली आणि त्याही गेल्या.

मग स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे मिथेनचाही द्रव का करू नये? कारण उणे ८३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाला मिथेनवर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. म्हणून पुणे व पिंपरी-चिंचवडच्या पंपांवर तो वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने वायुरूपातच भरला जातो. या दाबाला टाकीच्या एका लिटर जागेत सुमारे २३० लिटर वायू मावतो. आपले ३ घनमीटर त्यामुळे १३ लिटर जागेत बसतात. मात्र एवढा दाब पेलायचा तर टाकी जाड आणि नळकांड्याच्या आकाराचीच करावी लागते. ती सामानाची जागा खाते. यावर तोड म्हणून टाटा मोटर्सने २०२३ मध्ये आल्ट्रोझ गाडीत ३० लिटरच्या दोन टाक्या सामानकक्षाच्या तळाशी बसवल्या.

कमी दाबाचा मार्ग येथून सुरू होतो. टाकीत क्रियाशील कोळसा किंवा वर सांगितलेल्या जाळीची भुकटी भरायची. चांगल्या क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे एकूण पृष्ठफळ हजार चौरस मीटरहून अधिक असते. या पृष्ठभागावर मिथेनचे रेणू दाटीने चिकटतात. ही क्रिया म्हणजे अधिशोषण. रिकाम्या टाकीत ३५ पट दाबाला एका लिटरमध्ये ३८ लिटरच्या आसपास वायू मावतो. कोळशाने भरलेल्या टाकीत हा आकडा १८०पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट संशोधकांनी ठेवले. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून केलेल्या कोळशाने ते गाठल्याचे अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये जाहीर केले आणि अशी टाकी एका छोट्या मालमोटारीवर बसवूनही पाहिली. उसाची चिपाडे आणि नारळाच्या करवंट्या मुबलक असलेल्या महाराष्ट्रात ही बातमी आकर्षक वाटावी, यात नवल नाही.

आमचा आक्षेप हा आकडा वापरण्याच्या पद्धतीवर आहे. १८० हा आत शिरणारा वायू झाला; इंजिनाला मिळणारा नव्हे. टाकीतील दाब वातावरणाइतका उतरला तरी काही वायू छिद्रांत चिकटून राहतो. दुसरी अडचण उष्णतेची. रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते. दर ग्रॅम मिथेनमागे साधारण १ किलोज्यूल. आपले २ किलो मिथेन भरताना सुमारे २००० किलोज्यूल, म्हणजे ६ लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता पंपावर काही मिनिटांत भुकटीत साचेल. कोळशाची भुकटी उष्णतेची मंदवाहक. ती तापली की कमी वायू धरते. गाडी चालू असताना याच्या उलट घडते. वायू सुटताना भुकटी थंड होते आणि उरलेला वायू सोडत नाही. या दोन्ही कारणांनी एक तृतीयांश घट धरली, तर आपल्याला १७ नव्हे, २५ लिटरची टाकी लागेल. शिवाय बाष्प, जड हायड्रोकार्बन आणि गळती कळावी म्हणून मिसळलेले वासाचे द्रव्य छिद्रे हळूहळू बुजवतात, ते वेगळेच.

दाब सहापटीने कमी, म्हणून दाबण्याचा खर्चही सहापटीने कमी, हा समजही तपासावा. वायू दाबण्याचे काम दाबाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते. तापमान स्थिर धरल्यास ३५ पट दाबासाठी २०० पट दाबाच्या दोन तृतीयांश काम करावेच लागते. बचत होते ती एक तृतीयांश. खरा फायदा दुसरा आहे. दाबयंत्र साधे चालते आणि टाकी पातळ, चपटी, गाडीच्या तळाला जुळेल अशी करता येते. ठरावीक अंतर फिरून रात्री एका जागी परतणाऱ्या वाहनांना ती उपयोगी पडेल. लांब पल्ल्याच्या मोटारीत ती सीएनजीची जागा घेईल, असे आज म्हणता येत नाही.

याच २ किलो मिथेनकडे आणखी एका बाजूने पाहता येते. बजाज ऑटोने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. तिच्या टाकीत २ किलोच वायू मावतो आणि त्यावर ती सुमारे २०० किलोमीटर जाते, असे कंपनी सांगते. टाकी नेहमीच्याच उच्च दाबाची. फरक पडला तो वाहन हलके असल्याने. इंधन कसे साठवावे याइतकाच ते किती वजन हलवण्यासाठी जाळावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पर्यायी इंधनावरच्या लेखांत मात्र तो क्वचितच येतो.

हा सारा हिशेब नववी-दहावीचे विद्यार्थी फळ्यावर करू शकतील. लॉगरिदमचा भाग अकरावीसाठी ठेवावा. प्रदर्शनासाठी मात्र ट्यूबमध्ये वा फुग्यात गोबर गॅस भरून आणू देऊ नये. कमी दाबाचा मिथेनही हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. गॅसऐवजी पुठ्ठ्याची चार खोकी करावीत : पेट्रोलचे ३ लिटरचे, सीएनजीचे १३ लिटरचे, कोळशाच्या टाकीचे २५ लिटरचे आणि साध्या दाबाच्या वायूचे ३००० लिटरचे. चौथे खोके वर्गात ठेवायला जागा कोठे आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगावे.